जरा जाऊन येऊ का?

मोटरहोम भाड्याने घेणाऱ्यांना माझा पहिला सल्ला असा, की दाराला आतून कडी आहे का ते बघा आणि असली तर लावून बसा. सोलर, बॅटरी, गॅस, पाणी हे सगळं नंतर. आधी कडी. गेल्या शनिवारी सकाळी घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर आमच्या गाडीचं दार बाहेरून सरकलं, आधी रेशमी झब्ब्यातलं एक पोट आत आलं, मग त्या पोटामागून काका आले, आणि मोत्याची अंगठी घातलेली करंगळी माझ्या नाकासमोर उभी करून म्हणाले, "जरा जाऊन येऊ का?"

मी चहा गाळत होतो. "कुठे?" असं मी विचारलं. गोंधळलेला माणूस असंच काहीतरी विचारतो.

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "आत. आहे ना आत? खालून पाइप दिसला मला."

"अहो, पण ही खासगी..."

"पिवळी पाटी आहे," काका म्हणाले. "पिवळी पाटी म्हणजे पब्लिक." आणि चपला दाराशी काढून, बरोबर त्या दारातून आत गेले. कपाटाचं दार आणि संडासाचं दार शेजारीशेजारी, दिसायला एकच. आमची मुलगी निघाल्यापासून कपाटातच शिरत होती. काका मात्र पहिल्या फटक्यात बरोबर गेले. गरज माणसाला काय काय शिकवते.

ही गाडी आमच्याकडे आली ती मेहुण्यामुळे. तो न्यूझीलंडला असतो आणि दर रविवारी स्वतःच्या मोटरहोमचे व्हिडिओ पाठवतो. मागे डोंगर, पुढे तळं, मधे हा अर्ध्या चड्डीत ऑम्लेट करतोय. बायकोला तिच्या भावाचं कौतुक, मला ऑम्लेटचं. म्हटलं, आपणही बोर्डीला जाऊ. किनाऱ्यावर सुरूची झाडं, घोलवडचे चिकू, आणि मुक्काम आपल्याच गाडीत. मूळची टेम्पो ट्रॅव्हलर, आतून घर केलेली, ड्रायव्हरसकट भाड्याने मिळाली. सोसायटीत आदल्या रात्री आणायची होती, पण गेटवर रौप्यमहोत्सवाची कमान आहे आणि गाडीच्या टपावर एसीचं खोकं. वॉचमन म्हणाला, "साहेब, कमान जाईल नाहीतर एसी जाईल. कमानीवर चेअरमनचं नाव आहे." एसी वाचवण्यासाठी गाडी रात्रभर रस्त्यावर राहिली आणि सकाळी सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी विचारलं की रक्तदान किती वाजता सुरू होणार.

सहाला निघायचं ठरलं होतं. आठला निघालो. कासारवडवलीपर्यंत कसेबसे आलो आणि गायमुखला ठाण मांडलं.

घोडबंदर रोडबद्दल ठाणेकराला काही सांगायची गरज नाही. इतरांना एवढंच सांगतो, की न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे निघालेला कंटेनर, मीरा रोडला ड्युटीवर निघालेली नर्स आणि विरारला साखरपुड्याला निघालेलं वऱ्हाड या सगळ्यांना जायला तोच एक रस्ता आहे. एका हाताला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या हाताला खाडी, मधे हा चढ. चढावर एका कंटेनरचा दम गेला की मागे माजिवड्यापर्यंत सगळ्यांचा जातो. डोंगराच्या पोटातून ठाणे ते बोरिवली, जोडरस्त्यांसकट ११.८ किलोमीटरचा, जुळा बोगदा होणार आहे, रस्त्यावर मेट्रोचे खांब आलेत, सगळं होणार आहे. आम्ही मात्र त्या दिवशी पहिल्या गिअरवरून न्यूट्रलवर आणि न्यूट्रलवरून हँडब्रेकवर आलो होतो.

खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास मला फार बरं वाटलं. आजूबाजूच्या गाड्यांतले लोक स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेत आणि मी पडदा बाजूला करून चहा पितोय. बायकोने पोहे टाकले होते. फोडणीचा वास बाहेर गेला असणार. काका म्हणाले ते पाइप दिसल्याचं मला पटलेलं नाही. वासावरच आले ते.

तर काका आत आहेत तोवर त्या संडासाची रचना सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. याला कॅसेट टॉयलेट म्हणतात. भांड्याखाली एक चपटा डबा असतो, साधारण १७ ते २० लिटरचा. भांड्यातली झडप उघडली की सगळं त्यात पडतं, आणि डबा भरला की गाडीच्या बाहेरच्या बाजूने छोटं दार उघडून, सुटकेस ओढावी तसा तो चाकांवर ओढत नेऊन रिकामा करायचा. ज्यांनी हे शोधून काढलं ते कागदवाले लोक. एका वेळेला पेलाभर पाणी, दोन माणसं, दोन-तीन दिवस आरामात. आपल्याकडे भाड्याने देणाऱ्याने मोठ्या प्रेमाने त्यात जेट स्प्रे बसवून दिलाय. इथेच सगळं गणित बोंबलतं. गाडीतला पंप मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज फेकतो. तुम्ही जेट दाबून नुसता विचार करत बसलात तरी डब्याचा पाव भाग गेला.

आणि हा पंप वाजतो. नळ किंवा जेट उघडला की फळीखालून घुर्र असा आवाज येतो, बंद केला की थांबतो. घरात कोण किती पाणी वापरतंय ते सगळ्यांना ऐकू येतं. आवाज आला म्हणजे आवरा. काका आत होते आणि फळीखालून घुर्र चाललं होतं. थांबलं. पुन्हा सुरू. मी बायकोकडे बघितलं, बायकोने पोह्यांकडे. पुन्हा घुर्र. मग एक मोठं, लांबलचक, निवांत घुर्र. आम्ही टाकीत १०० लिटर भरून घेतलं होतं. १०० लिटर म्हणजे १०० किलो वजन, जे आम्ही डिझेल जाळून या चढावर वाहून आणलं होतं, आणि ते काकांच्या समाधानासाठी चाललं होतं.

काका बाहेर आले. चेहऱ्यावर जी शांती होती ती मी फक्त पंढरपूरहून परतलेल्या लोकांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

"प्रेशर चांगलं आहे," ते म्हणाले. "मी पाणीखात्यातून रिटायर झालो. प्रेशर मला कळतं."

"हो का."

"पण बादली नाही तुमच्याकडे."

"बादलीला जागा नाही हो."

"जागा करायची असते. बादली आणि टमरेल पाहिजेच. मशीनवर विसंबून राहायचं नाही. समजा तुमचा पंप गेला तर? काय करणार? बसून राहणार?" मी गप्प. "आणि टाकी केवढी? शंभर? फक्त? चार माणसांना शंभर म्हणजे नियोजनच नाही. पाणी जपून वापरायला हवं तुम्ही."

हे मला त्यांनी सांगितलं. त्यांनी, मला.

मग ते सोफ्यावर बसले, कारण बायकोने, मी डोळे मोठे करून पाहत असताना, त्यांना चहा विचारला. चहा पितापिता चौकशी सुरू झाली. पासिंग कसं झालं? कॅराव्हॅन म्हणून आहे का? सीट काढून पलंग टाकलेला चालतो का? मी सांगितलं, की आपल्या मनाने टाकलेला चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने नोंदवलेल्या रचनेत असा बदल केला की आरटीओ पकडतं, आणि सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच म्हटलंय. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, त्याप्रमाणे बांधलेली गाडी हवी. हे मी रात्र जागून वाचलं होतं आणि कुणी विचारेल याची वाटच पाहत होतो. काकांनी अर्ध्यात थांबवलं.

"ते ठीक आहे. भाडं किती पडतं?"

मी आकडा सांगितला. काकांनी कप खाली ठेवला.

"एवढ्यात बोर्डीला चांगली खोली मिळते. जेवणासकट. माशासकट."

"पण ही मजा..."

"खोलीत बादली असते," काका म्हणाले.

मला वाटलं आता उठतील. उठले. दारात जाऊन त्यांनी मागच्या गाडीकडे हात केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अगं ये! सोय आहे! स्वच्छ आहे!" मग माझ्याकडे वळून, "आमच्या हिला शुगर आहे. आणि गुडघे. तुमची पायरी उंच आहे, जरा हात द्या."

काकूंना मी हात दिला. पैठणी, नथ, आणि एका हातात पेढ्यांचा पुडा, जो त्यांनी आत जाताना माझ्याकडे धरायला दिला. काकूंच्या मागून त्यांची बहीण. बहिणीच्या मागून दोन लहान मुलं, जी गाडीत शिरल्याबरोबर वरच्या बंकवर चढली. मग साक्षात नवरदेव. विरारला याचाच साखरपुडा होता. शेरवानी, खाली चुडीदार, आणि त्या चुडीदारीला नाडी. नाडीला गाठ. ती गाठ आईने बांधलेली असावी, कारण ती सुटायची नाही या निष्ठेने बांधली होती. नवरदेव आत गेला तो गेलाच. बाहेरून काका सूचना देत होते, "उजवीकडची ओढ. उजवीकडची! अरे तुझी उजवी नाही, आरशातली!" आतून क्षीण आवाज आला, "आरसाच नाहीये काका." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की बादलीनंतर आता आरसाही.

तोपर्यंत बातमी पसरली होती. आमच्या पुढे एक बस उभी होती, ती अर्धी रिकामी होऊन आमच्या दाराशी आली. आणि काकांनी, मी सांगतो ते अक्षरशः खरं आहे, ताबा घेतला.

"रांग करा, रांग करा. लेडीज पहिल्या. ज्येष्ठ नागरिक या बाजूने. शुगरवाले कोण आहेत? शुगरवाल्यांनी हात वर करा." चारपाच हात वर झाले. एक हात आमच्या ड्रायव्हरचा होता. "मोठ्याला आहे का कुणी? मोठ्यावाल्यांनी शेवटी यायचं. हो, अन्याय आहे, पण टाकी छोटी आहे यांची." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही जरा बाहेर उभे राहता का," काका मला म्हणाले, "आत गर्दी होतेय."

मी माझ्या भाड्याच्या घरातून, माझ्या चहाचा कप हातात घेऊन, पेढ्यांच्या पुड्यासकट बाहेर उतरलो आणि डोंगराच्या बाजूच्या कठड्याला टेकलो. आतून बायकोचा हसण्याचा आवाज येत होता. तिने बायकांना पोहे द्यायला सुरुवात केली होती. गाडी चढावर तिरकी, त्यामुळे पोह्यांची कढई ओट्यावरून हळूहळू खाली सरकत होती आणि काकूंची बहीण ती एका बोटाने धरून बसली होती. गाडी मुक्कामाला लावताना सपाटीला लावावी, चाकाखाली लाकडी ठोकळे सरकवून लेव्हल बघावी, हे सगळे सांगतात. घोडबंदरच्या जॅममध्ये लेव्हल कुठे बघायची ते कुणी सांगत नाही.

"एसी लावा ना ताई," कुणीतरी म्हणालं.

हा प्रश्न मला विचारायला हवा होता. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, की आतली बॅटरी १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची आहे. म्हणजे पुरी वापरली तर १२०० वॅट-तास. त्यात ती लेड ॲसिडची, तिच्यातलं निम्मंच वापरायचं असतं, नाहीतर ती लवकर मरते. एसी तासाला हजारभर वॅट-तास खातो. म्हणजे अर्धा तास थंड आणि मग बोर्डीला अंधार. आत क्षणभर शांतता पसरली. मग काकांचा आवाज आला, "त्यांना नाही लावायचा म्हणतात."

एवढं सगळं मी हसत सांगतोय, कारण आता हसू येतं. पण त्या रांगेत एक बाई होत्या, खांद्याला डब्याची पिशवी, पायात पांढऱ्या सपाता, मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात कामाला. माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी सकाळी चहा घेत नाही. पाणीपण नाही. ड्युटीवर पोचल्यावरच पिते." मी विचारलं, रोज? तर म्हणाल्या, "मग काय करणार? बस कुठे अडकेल सांगता येतं का? पुरुषांचं बरं असतं." पुरुषांचं बरं असल्याचं समोरच दिसत होतं. कठड्याच्या पलीकडे, तोंड डोंगराकडे करून, एक ओळच्या ओळ उभी होती, आणि त्यातल्या कुणालाही आपण काही चमत्कारिक करतोय असं वाटत नव्हतं.

त्या बाई पेशंटला दिवसभर सांगत असणार की पाणी प्या, भरपूर पाणी प्या. मला राग आला. नेमका कुणाचा ते कळेना, म्हणून सगळ्यांचा आला. रस्ता रुंद करायचा म्हटलं की लेन मोजतात, खांब मोजतात, तासाला किती गाड्या जातील ते मोजतात. त्या गाड्यांत माणसं बसलेली असतात आणि ती तासन्‌तास बसली की त्यांना उतरावं लागतं, हे कुणी मोजतच नाही. जिथे हटकून अडकायला होतं तिथे चार धड बांधलेले, पाणी असलेले, आतून कडी लागणारे संडास बांधायला कुठला बोगदा खणावा लागतो? मेहुण्याच्या न्यूझीलंडमध्ये मोटरहोमला 'सेल्फ-कंटेन्ड'चं, म्हणजे आपली घाण आपल्यातच साठवणारी गाडी असल्याचं, प्रमाणपत्र हवं असेल तर गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय पाहिजे, असा कायदा त्यांनी २०२३ साली केला. आपल्याकडे माणसालाच सेल्फ-कंटेन्ड राहावं लागतं. निदान बाईला.

आपल्याही सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं. कॅराव्हॅन पार्क म्हणे, तिथे वीज, पाणी, सगळी सोय. मी मोठ्या आशेने वाचलं. माझ्या वाटेत असलं पार्क अजून लागलेलं नाही. लागलं तर मी तिथे आधी बादली ठेवून येईन.

असो. त्या बाईंचा नंबर आला तेव्हा मी काकांना म्हटलं, यांना आधी जाऊ द्या. काका म्हणाले, "रांग म्हणजे रांग. वशिला नाही." पण जाऊ दिलं.

त्या बाहेर आल्या आणि भांड्याशेजारचा लाल दिवा लागला.

लाल दिवा म्हणजे डबा भरला. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, दिवा लागल्यावर वापरू नये. म्हणजे घरून निघाल्यापासून काही तासांत, ठाणे महानगरपालिकेची हद्दही न ओलांडता, जो डबा आम्हाला किनाऱ्यावर आरामात पुरायचा होता तो आम्ही एकदाही न वापरता भरला होता. मी दारात उभा राहून म्हटलं, "मंडळी, माफ करा, बंद करावं लागेल. फुल झालंय."

"फुल कसं होईल?" काका म्हणाले. "पाच जण राहिलेत अजून!"

"डबा वीस लिटरचा आहे हो."

"म्हणजे कपॅसिटी न बघताच तुम्ही सुरू केलंत?"

"मी? मी सुरू केलं?"

"सेप्टिक टँक नाही? काहीच नाही? मग खाली सोडून द्या ना, चेंबर बघून."

"इथे कुठलं आलंय चेंबर? हा घाट आहे."

काकांनी डोंगराकडे हात केला. मी सांगितलं की त्यात निळं औषध घातलेलं असतं, वास मारायला आणि कुजवायला. ते झाडीत ओतायचं नसतं. काही औषधांत फॉर्मल्डिहाइड असतं, त्याने सेप्टिक टँकमधले उपयोगी जंतूसुद्धा मरतात. शिवाय हे राष्ट्रीय उद्यान आहे, वर बिबटे आहेत.

"बिबट्यांना काय हरकत आहे?" काका म्हणाले. "ते कुठे जातात?"

रांगेतल्या उरलेल्या पाच जणांना आता हक्क डावलल्याचं वाटायला लागलं होतं. एक जण, ज्याला मी उभ्या जन्मात कधी पाहिलं नव्हतं, मला म्हणाला, "काय राव, सोय जमत नाही तर गाडी कशाला काढता रस्त्यावर?" दुसरा म्हणाला, "आतमध्ये पोहे चाललेत यांचे." तिसरा फोटो काढत होता. बहुतेक तक्रार करायला. कुठे करणार होता देवाला ठाऊक, मला त्या खात्याचा पत्ता मिळाला तर मीही करीन.

तेवढ्यात पुढून हॉर्नचा गलका झाला, कंटेनर हलला होता, आणि सगळी रांग आपापल्या गाडीकडे पळाली. नवरदेव नाडी हातात धरून पळाला. बंकवरून मुलं काढली, त्यातल्या एकाच्या हातात आमचा टॉर्च होता, तो गेला. त्या नर्सबाईंनी बसच्या पायरीवरून हात जोडून आवाज दिला, "थँक यू हां काका!" काकांनी हात वर करून स्वीकार केला. मग माझ्या हातातून पेढ्यांचा पुडा घेतला, उघडला, बघितला, पुन्हा बंद केला, आणि झब्ब्याच्या खिशातून दहाची नोट काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"अहो, हे कशाला..."

"असू दे. मेंटेनन्सला." चपला घालताना पुढे म्हणाले, "आणि फिनेल ठेवत जा जरा."

मी ती नोट परत करायला त्यांच्या मागे धावलो नाही. धावायला हवं होतं असं बायको म्हणते. तिला पेढा मिळाला होता.

फाउंटन हॉटेलच्या नाक्याला उजवीकडे वळून अहमदाबादच्या हायवेला लागलो आणि पहिल्या बऱ्याशा हॉटेलाशी गाडी थांबवली. मागे संडास होता, बाहेर टेबल-खुर्ची टाकून राखणदार बसलेला. ड्रायव्हरने डबा ओढून काढायला सपशेल नकार दिला. त्याच्या करारात घाट, रात्र आणि टायर आहेत, हे नाही. म्हणून मीच रबरी हातमोजे चढवले आणि चाकांचा तो डबा गडगडत टेबलाशी नेला. मोटरहोमवाल्यांनी हातमोजे ठेवावेत. आणि डबा चालताना तिरका करू नये, सरळ ओढावा. एवढे दोन सल्ले मी मनापासून देतो.

"काय आहे यात?" राखणदाराने विचारलं.

मी सांगितलं. त्याने खुर्ची मागे घेतली.

"किती जणांचं आहे?"

"म्हणजे?"

त्याने डोक्यावरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. एका माणसाला दहा रुपये.

"अहो, पण माणसं कुठे आहेत? हा नुसता डबा आहे."

"डब्यात माणसांचंच आहे ना?"

यावर बोलायला काही नव्हतं. मी म्हटलं, बसचे, वऱ्हाडाचे, सगळे मिळून पंधरा-सोळा असतील. तो वहीत लिहायला लागला. मी म्हटलं, पण बहुतेकांचं छोटंच होतं, लाल दिवा लागायच्या आधी मोठ्यांचा नंबरच आला नाही. तो म्हणाला, छोटं-मोठं एकच रेट. मी म्हटलं, लेडीज? तो म्हणाला, लेडीज पण. मग मला आठवलं.

"त्यात दोन लहान मुलं होती," मी म्हटलं. "लहान मुलांना तरी सूट असेल."

"लहान मुलांना फ्री आहे," तो म्हणाला आणि पेन थांबवून माझ्या मागे बघायला लागला. "दाखवा मुलं."